घोडबंदर रस्ता रुंद करताना आधी मोऱ्या पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याचा घोडबंदर रस्ता रुंद होणार, सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळणार, गायमुख घाटाला बोगदा करायचा की उन्नत मार्ग यावर खल चालू आहे, अशा बातम्या आपल्या दैनिकात सतत येतात. बहुतेक बातम्यांच्या शेवटी 'वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग' हे तीन शब्द असतात. तो भुयारी मार्ग कुठे, केवढा, त्यातून पाणी जाणार की नाही, याची चर्चा होत नाही. म्हणून हे लांबलेले पत्र. जागेअभावी कापावे लागले तर कृपया आकडे कापू नका, विशेषणे कापा.

या रस्त्याखालून जनावरांच्या वाटा आधीपासून आहेत. त्यांना आपण मोऱ्या म्हणतो: रस्त्याखालून पावसाचे पाणी पलीकडे नेणारे नळ किंवा पेट्या. त्या आजच्या पावसालाच पुरत नाहीत, त्यामुळे कधी ना कधी मोठ्या कराव्या लागणारच आहेत. ते करताना पाण्याचा आणि जनावरांचा विचार एकाच नकाशावर झाला, तर वेगळ्या 'भुयारी मार्गा'ची गरज बऱ्याच ठिकाणी उरत नाही. तो झाला नाही, तर रुंदीकरणानंतर हा रस्ता जंगलाच्या दृष्टीने भिंत होईल आणि पुढची पन्नास वर्षे भिंतच राहील.

आधी जागा समजून घेऊ. गायमुखपासून फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत रस्त्याच्या दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग येतो. उत्तरेला खाडीकाठची जंगलाची चिंचोळी पट्टी, खाडीपलीकडे उद्यानाचाच नागला गट आणि त्याच्या पुढे तुंगारेश्वर अभयारण्य. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, तुंगारेश्वर सुमारे ८५. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा) गणनेत उद्यान आणि लगतच्या भागात ४७ बिबटे नोंदले गेले, म्हणजे १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे २६. एवढ्या दाटीत वयात आलेल्या नराला बाहेर पडावेच लागते. बिबट्या चांगला पोहतो, खाडी त्याला अडवत नाही. त्याला अडवतो तो रस्ता. २००९ मध्ये माळशेजला सोडलेला 'आजोबा' बिबट्या चालत मुंबईच्या जंगलापर्यंत आला आणि २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत गेला. २०२१ मध्ये रेडिओ कॉलर लावलेल्या 'महाराजा' या नराने मुंबई-अहमदाबाद महामार्ग, चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि दिवा-वसई रेल्वेमार्ग ओलांडून तुंगारेश्वरच्या बाजूला मजल मारली. बिबट्या निदान बातमीत येतो. सांबर, भेकर, साळिंदर, उदमांजर, घोरपड यांची मोजदाद सकाळी कावळे करतात.

हवामान बदलाचा मुद्दा इथेच जोडलेला आहे. उष्मा वाढला की प्राणी-वनस्पती हळूहळू उंचावर सरकतात. आपल्या उद्यानातला सर्वांत उंच माथा पाचशे मीटरही भरत नाही. वर सरकायला जागाच नाही, सरकायचे तर उत्तरेला. दुसरे, मे महिन्यात येऊरच्या, म्हणजे उद्यानाच्या ठाण्याकडील, बाजूचे ओढे लवकर आटले की प्राणी पाण्याच्या शोधात कडेला, वस्तीकडे, रस्त्याकडे येतात. तिसरे म्हणजे पाऊस. मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे, आणि त्या पावसाची वाफ मुख्यतः आपल्याच अरबी समुद्रातून जाते. २०२५ मध्ये मुंबईत मान्सून २६ मे रोजीच पोहोचला, १९५० पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर. नालेसफाईची मुदत मात्र आपण अजून ३१ मे धरतो.

आता मोरीचे गणित. शाळकरी आहे, पण रस्त्याच्या नकाशात ते डोळ्यांनी दिसत नाही. डोंगराच्या उतारावरचे ६० हेक्टर पाणलोट एका मोरीवर येते असे धरा. उतार तीव्र आणि खाली कातळ, म्हणून पडलेल्या पावसापैकी ७० टक्के वाहून येईल. तासाला ७५ मिलिमीटर वेगाने पाऊस असेल तर मोरीच्या तोंडाशी सेकंदाला पावणेनऊ घनमीटर पाणी येते, १०० मिलिमीटरला पावणेबारापर्यंत. १२०० मिलिमीटर व्यासाची एक नळमोरी पूर्ण भरून, सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहिली तरी ३.४ घनमीटर सोडते. तिच्या उंचीचा तिसरा हिस्सा गाळाने भरलेला असेल तर २.४. उरलेले पाणी रस्त्यावरून जाते, भराव कापते, आणि मग घाट दुरुस्तीसाठी बंद. दरवर्षी आपण डांबराला दोष देतो, डांबराखालच्या नळाकडे कोणी पाहत नाही.

घाटातली साधी नळमोरी जवळून पाहा. डोंगराच्या बाजूला पाणी थेट नळात शिरत नाही. आधी एक चौकोनी हौद असतो, ज्याला आपले अभियंते कॅचपिट म्हणतात: तिन्ही-चारही बाजूंनी उभी, गुळगुळीत गिलावा केलेली भिंत, खोली मीटर-दीड मीटर. दगड-गोटे आणि पालापाचोळा आधी हौदात बसावा, नळ तुंबू नये, हा हेतू चांगला आहे. पण उदमांजराला किंवा साळिंदराला नळात शिरायचे तर आधी या विहिरीत उडी मारावी लागते. बेडूक, सरडे, लहान साप पडले की बाहेर येत नाहीत. दरीकडच्या तोंडाला वेगळी गत. पाणी जोरात पडून खालची माती निघून जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत नळाचे तोंड जमिनीपासून मीटरभर वर लटकते. वरून येणारे जनावर तिथून उतरेल एखाद वेळी, खालून येणारे चढणार नाही. म्हणजे नकाशात मोरी आहे, पाण्यासाठीही बरीशी आहे, आणि प्राण्यासाठी दोन्ही तोंडांनी बंद.

यावरचे उपाय रुंदीकरणाची वाट न पाहता करता येतात. हौदाची एक भिंत काढून तिथे एकास दोन उताराचा, खडबडीत दगडी रॅम्प करायचा. रुंदी ६० सेंटिमीटर पुरते. दरीकडे लटकलेल्या तोंडाखाली दगडांचे पायऱ्या-पायऱ्यांचे पिचिंग (उतारावर बसवलेली दगडी फरसबंदी), एका पायरीची उंची २० सेंटिमीटरच्या आत. पिचिंगच्या दगडांमधल्या फटी मातीने आणि बारीक खडीने भरायच्याच, नाहीतर हरणाचा खूर अडकतो आणि ते एकदा बिचकले की पुन्हा येत नाही. गवंडी दोन दिवसांत करील असे हे काम आहे.

रुंदीकरणात मात्र हमखास एक चूक होते. २० मीटर रुंदीच्या रस्त्याखाली १२०० मिलिमीटरचा नळ असतो. रस्ता ४५ मीटरचा झाला की त्याच मापाचे नळ दोन्ही टोकांना जोडून मोरी 'वाढवली' म्हणतात. प्राणी मोरीत जाईल की नाही हे पाहण्याचा एक ठोकताळा आहे: तोंडाचे क्षेत्रफळ भागिले लांबी. त्याला मोकळेपणाचे गुणोत्तर म्हणू. २० मीटरला या नळाचे गुणोत्तर ०.०५७ होते, ४५ मीटरला ०.०२५. मुंगूस, रानमांजर, उदमांजर एवढ्यातूनही जातात. बिबट्या अंधाराला फारसा घाबरत नाही, पण त्यालाही मान ताठ ठेवून चालता आले पाहिजे. सांबर-चितळ अशा काळ्या नळीत पाऊल घालत नाही. अमेरिकेतल्या हरणांच्या निरीक्षणांवरून निघालेला जुना संकेत ०.६ चा आहे. आपल्या सांबराला तो तंतोतंत लागू होईल असे नाही, पण ०.०२५ आणि ०.६ यांतला फरक कळायला एवढे पुरे.

मग काय बांधावे? घाटात जिथे भरावाची उंची आहे तिथे ६ मीटर रुंद, ४ मीटर उंच पेटी मोरी, म्हणजे काँक्रीटच्या चौकोनी पेटीची मोरी. ४५ मीटर लांबीला गुणोत्तर ०.५३ येते. आणखी चांगले म्हणजे दोन्ही बाजूंच्या मार्गिकांसाठी वीस-वीस मीटरच्या दोन वेगळ्या पेट्या आणि दुभाजकाखाली पाच मीटर उघडे आकाश. तेव्हा प्रत्येक पेटीचे गुणोत्तर १.२ होते, उजेड मधोमध पडतो, जनावराला पलीकडचे टोक दिसते. उघड्या भागाच्या काठाला दीड मीटर उंच भरीव भिंत हवी, नाहीतर टायरचा आवाज आणि रस्त्यावरचे काळे पाणी थेट खाली उतरते. नुसती लोखंडी जाळी टाकून भागवले, तर ट्रक जाताना ती ढणढणते आणि झरोक्याचा फायदा आवाजात जातो.

६ मीटरच्या पेटीत तळाला मधे ४ मीटर रुंद पाट ठेवायचा आणि दोन्ही कडांना एक-एक मीटर रुंदीचा, पाटापासून मीटरभर उंच कट्टा. वरच्या हिशेबातले पावणेबारा घनमीटर पाणी तीन मीटर वेगाने या पाटातून जाताना साधारण मीटरभर खोलीने जाते. म्हणजे धो-धो पावसातही पाणी कट्ट्याच्या काठापर्यंत येऊन थांबते आणि वर जनावराला तीन मीटर उंची उरते. कट्टा दोन्ही तोंडांपलीकडे काठाच्या मातीला उताराने जाऊन भिडला पाहिजे. हे वाक्य मुद्दाम लिहिले, कारण कट्टा पेटीच्या आतच संपतो आणि पुढे मीटरभर उडी, अशी कामे होतात. पेटीचा काँक्रीट तळ ओढ्याच्या मूळ पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर खाली घ्यायचा, म्हणजे वर नैसर्गिक वाळू-माती बसते. उघड्या काँक्रीटवर पाय घसरतात, आणि उन्हाळ्यात मोरीच्या तोंडाशी ते तव्यासारखे तापते.

एक कागदी अडचण सांगितली पाहिजे. सहा मीटरपर्यंत मोरी, सहा ते साठ मीटर लहान पूल, अशी आपल्याकडे वर्गवारी आहे. गाळा (दोन आधारांमधले अंतर) सहाच्या पुढे गेला की तपासणी, आराखडा, मंजुरी सगळे वाढते. त्यामुळे गाळा सहाच्या आतच आवरण्याचा मोह होतो. चेना नदीसारख्या मोठ्या प्रवाहावर हा मोह टाळावा. तिथे काठासकट ओलांडणारा पूलच हवा, म्हणजे दोन्ही काठांवर पूररेषेच्या वर कोरडी जमीन पुलाखाली राहते. पूल नदीच्या पात्राएवढाच ठेवला आणि खांब-भिंती काठावर आणून टेकवल्या, तर पाण्याला वाट मिळते आणि चालणाऱ्याला मिळत नाही.

ओवळा-कासारवडवलीच्या सपाट भागात ४ मीटर उंचीची पेटी बसणार नाही. तिथे रस्ता जमिनीलगत आहे. उंची मिळवायला खाली खणले तर पावसाळ्यात तळे होते, उन्हाळ्यात कचऱ्याची कुंडी. तिथे ३ मीटर बाय दीड मीटरच्या जास्त संख्येने पेट्या चालतील. त्या लहान जनावरांसाठी, बिबट्या-सांबरासाठी नव्हे, आणि तसे स्पष्ट लिहावे. नागला बंदरच्या खालच्या भागात आणखी एक भानगड आहे: उधाणाची भरती. खाडीचे पाणी मोरीतून उलटे चढते म्हणून कधी तोंडाला झडप बसवतात. झडप बसली की ती मोरी प्राण्यांसाठी संपली. म्हणून जनावरांच्या वाटेसाठी निवडलेली मोरी उधाणाच्या पातळीच्या वरचीच असली पाहिजे. भरती-ओहोटीचे कोष्टक सगळ्यांकडे असते, ते मोरीच्या आराखड्याशेजारी ठेवून पाहायचे एवढेच.

चालू रस्त्याखाली पेटी कशी घालणार, असा प्रश्न येईल. दोन रीती आहेत. अर्धा रस्ता बंद ठेवून तयार पेट्या क्रेनने बसवणे. घाटात रात्रीची अवजड वाहतूक वळवावी लागते, पण काम खात्रीचे. दुसरी, रेल्वेखाली करतात तसे जॅकने पेटी ढकलणे. यात वाहतूक थांबत नाही, मात्र पेटीच्या छतावर मातीचा थर पातळ असला तर वरचा रस्ता खचतो, आणि मोठे धोंडे लागले तर पेटी वाकडी सरकते. गायमुखच्या भरावात धोंडे असण्याची शक्यता धरूनच आधी बोअर घेऊन पाहावेत. दोन्ही रीतींत काम ऑक्टोबर ते एप्रिल. एकदा ओढ्यात पाणी आले की पाया उघडा ठेवणे धोक्याचे.

आता मोरी चांगली झाली तरी जनावर तिच्याकडे वळेल का? आपोआप नाही. त्याची वर्षानुवर्षांची पायवाट जिथे रस्त्याला भिडते तिथून ते सरळ वर येते. म्हणून वळवणारे कुंपण. उंची २.४ मीटर, तळ ३० ते ४५ सेंटिमीटर जमिनीत गाडलेला, कारण रानडुक्कर खालून उकरते. खालच्या मीटरभर उंचीला बारीक जाळी, घोरपड आणि मुंगसासाठी. बिबट्या साधी जाळी सहज चढतो. त्याच्यासाठी वरच्या टोकाला जंगलाकडे झुकलेला ६० सेंटिमीटरचा कठडा. घाटात दरीकडच्या बाजूला जी भराव अडवणारी उभी रिटेनिंग वॉल बांधावीच लागणार आहे ती अडीच मीटर ठेवली तर तीच कुंपण होते, वेगळा खर्च नाही. कुंपण जिथे संपते तिथे अपघात गोळा होतात, हे जगभर दिसले आहे. पाच किलोमीटरपेक्षा आखूड कुंपणाचा भरवसा कमी. म्हणून शे-दोनशे मीटरचे तुकडे टाकून फोटो काढण्यापेक्षा गायमुख ते चेना सलग विचार व्हावा, आणि कुंपणाची टोके पुलाच्या खांबाला किंवा वस्तीच्या भिंतीला भिडवावीत. कुंपणाच्या आत चुकून अडकलेल्या प्राण्याला बाहेर पडायला रस्त्याच्या बाजूने मातीचे चढ हवेत: रस्त्याकडून हळू चढ, जंगलाकडे दीड ते पावणेदोन मीटरची सरळ उडी. जाणारा जातो, येणारा येऊ शकत नाही. याशिवाय घातलेले कुंपण म्हणजे पिंजरा.

कुंपणात पाड्यांवरच्या लोकांची वाट अडवू नये हेही लिहायला हवे. लाकूडफाटा, रानभाजी, खाडीवरची मासेमारी, यांसाठी लोक याच मोऱ्यांतून आणि पायवाटांनी ये-जा करतात. त्यांच्यासाठी वेगळे फाटक किंवा वेगळी पेटी ठेवावी. कोणत्या मोरीतून कोणते जनावर जाते हे सर्वेक्षणाआधी त्यांना विचारले, तर सल्लागाराचे दोन महिने वाचतील.

दुभाजकाबद्दल थोडक्यात. ८० सेंटिमीटर उंच सलग काँक्रीटचा दुभाजक सांबर ओलांडते, पण पलीकडे काय येते आहे ते त्याला दिसत नाही. साळिंदर, घोरपड, कासव ओलांडत नाहीत. ते दुभाजकाला घासून धावतात आणि मरतात. पावसाचे पाणी जायला तळाशी जी भोके ठेवतात तीच ३० सेंटिमीटर उंच आणि मीटरभर रुंद ठेवली, दर पंचवीस मीटरला एक, तर बाहेर पडायची सोय होते. दुभाजकात फळझाडे लावू नयेत. कण्हेर पुरे.

वेगाचा हिशेब सगळ्यांना पाठ असावा असा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालकाला अडथळा दिसल्यापासून थांबायला १२० मीटर घेते, ५० ला ६० मीटर, ४० ला ४५. हेडलाइटचा खालचा झोत कामाचा असतो तो पन्नास-साठ मीटरपर्यंतच. म्हणजे ८० च्या वेगात चालकाने जनावर पाहिले तरी त्याच्या हातात काही नसते. दोष चालकाचा कमी आणि फलकावरच्या आकड्याचा जास्त. जंगलाच्या पट्ट्यात रात्री ४० हाच अर्थपूर्ण आकडा. एका जागी कॅमेरा लावला की लोक तिथे ब्रेक मारतात आणि पुढे निघतात. गायमुखला आणि फाउंटनजवळ एक-एक कॅमेरा लावून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढावा. खडखडाटी पट्टे मोरीच्या डोक्यावर नकोत, दीडशे मीटर आधी हवेत.

दिव्यांचेही तसेच. मोरीच्या तोंडावर पांढराशुभ्र एलईडी झोत टाकणे म्हणजे दाराला कुलूप लावणे. तोंडाच्या दोन्ही बाजूंना पन्नास मीटर दिवा नको, त्याऐवजी रस्त्यात चमकणारे कॅट आय आणि कडेला परावर्तक खुंट्या. जिथे दिवा लागेलच तिथे २७०० केल्विनचा पिवळसर, खालीच प्रकाश टाकणारा.

कचऱ्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल. ढाब्यांचे उष्टे रस्त्याकडेला पडते, त्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो आणि आपण 'बिबट्या वस्तीत शिरला' असा मथळा देतो. मोरीच्या तोंडाशी टाकलेल्या राडारोड्याचा एक ट्रक मात्र दोन्ही कामे बिघडवतो. पाणी तुंबते आणि त्या ढिगाऱ्यात कुत्री राहायला येतात. कुत्र्यांची टोळी बसलेल्या मोरीत भेकर कधीच येणार नाही, मोरी कितीही रुंद असो.

'उन्नत मार्ग झाला की प्रश्न मिटेल' हे अर्धे खरे आहे. खांबांवरचा रस्ता हा प्राण्यांसाठी सर्वांत चांगला, अट एकच: खालची जमीन जमीनच राहिली पाहिजे. आपल्या शहरात उड्डाणपुलाखाली काय होते ते ठाणेकरांना सांगायला नको. पार्किंग, रोपवाटिका, तयार काँक्रीटच्या (आरएमसी) कारखान्याची खडी, जप्त केलेल्या रिक्षा. ठाणे-बोरिवली बोगदा उद्यानाच्या पोटातून जातो, त्याने घोडबंदर घाटातली ओलांडण्याची जागा मोकळी होत नाही; वाहतूक थोडी घटली तरी रस्त्यावरची ती जागा नव्या गाड्यांनी भरायला वेळ लागत नाही. गायमुख घाटाला पर्यायी मार्ग झाला, तर जुना घाटरस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद ठेवण्याची अट आजच मंजुरीत घालावी. कर्नाटकातल्या बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात २००९ पासून रात्रीची बंदी चालू आहे आणि तिथेही आधी 'अशक्य' असेच म्हटले गेले होते.

असे मार्ग प्राणी वापरतात का, या शंकेला महाराष्ट्रातच उत्तर आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर १६ किलोमीटरच्या पट्ट्यात नऊ मार्ग बांधले गेले: पाच भुयारी, चार लहान पूल. त्यातला सर्वांत मोठा ७५० मीटरचा. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. १८ जातींचे वन्यप्राणी दिसले आणि ११ वाघांनी मिळून ८९ वेळा ये-जा केली. घोडबंदरला ७५० मीटरची जागा नाही हे मान्य. पण तिथले धडे लहान मोरीलाही लागू आहेत: जागा पायवाटेवरच निवडा, खाली माणसांचा वावर ठेवू नका, आणि बांधून झाल्यावर पाहत राहा.

पाहणे म्हणजे काय तेही नेमके सांगतो. प्रत्येक मोरीला दोन कॅमेरा ट्रॅप, दोन्ही तोंडांशी, जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर, वाटेला तिरके. समोरासमोर लावले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचे चित्र जाळतो. तीस रात्री उन्हाळ्यात, तीस पावसाळ्यानंतर. जूनआधी काढून घ्यायचे किंवा छताच्या खाली टांगायचे, नाहीतर पहिल्याच लोंढ्यात खाडीला मिळतात. कॅमेऱ्याला पैसे नसतील तर कट्ट्यावर चाळलेल्या मातीचा दीड मीटर लांबीचा पट्टा पसरायचा आणि रोज सकाळी ठसे वाचून पुसायचा. रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांची नोंद पहाटे साडेपाचच्या आधी, झाडलोट आणि कावळ्यांच्या आधी. दुचाकीवरून साप, उदमांजर दिसते. बेडूक दिसत नाही, त्यासाठी चालावे लागते. पहिल्या वळवाच्या रात्री तर चालावेच. ही नोंद किलोमीटरच्या दगडानुसार केली की कुठली मोरी आधी मोठी करायची हा वाद उरत नाही.

शेवटी निविदेबद्दल. आराखड्यात चित्र सुंदर असते आणि परिमाणपत्रकात (ज्या यादीप्रमाणे कामे होतात आणि पैसे मिळतात त्यात) ती बाब नसते. मग कंत्राटदार ती करत नाही, आणि त्याला जाबही विचारता येत नाही. आमची विनंती आहे की गायमुख ते फाउंटन या टप्प्याच्या प्रत्येक निविदेत या बाबी स्वतंत्र दरासह असाव्यात: कट्टा आणि त्याचे दोन्ही टोकांचे उतार (घनमीटर), हौदाचे रॅम्प (नग), तोंडाचे पायऱ्यांचे पिचिंग (चौरस मीटर), वळवणारे कुंपण (धावते मीटर), बाहेर पडायचे चढ (नग), आणि दोषदायित्व कालावधीत (काम संपल्यावर दोष कंत्राटदाराने दुरुस्त करायच्या मुदतीत) दरवर्षी १५ मेपूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा मोरीची सफाई, दोन्ही तोंडांच्या छायाचित्रांसह. 'अस्तित्वातील नळमोरीची लांबी वाढवणे' ही बाब जंगलाच्या पट्ट्यात वगळावी. ती पत्रकात राहिली तर वरचे सगळे कागदावरच राहील, कारण ती सर्वांत स्वस्त आहे.

आपले,
वन्यजीव आणि रस्तेबांधणी या क्षेत्रांत काम करणारे काही ठाणेकर
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)